तेरावी जागा

२७ ऑक्टोबर, सोमवार

राउटर बावीसशेचा. पावतीवर तसं छापलंय, पण पावती अर्धंच सांगते. वायर ओढायला आलेल्या दोघांचं चहापाणी तीनशे, बोर्ली पंचतनच्या दोन फेऱ्या, कंपनीच्या फोनवर एकच बासरी ऐकत घालवलेले पावणेचार तास, आणि त्या बासरीच्या रागात बायकोवर, नूतनवर ओरडलो ते. शेवटची रक्कम किती बसते ते नूतन ठरवेल.

बाकी आजचा दिवस झकास. आगरदांड्याहून फेरीबोटीत टेम्पो चढवला, दिघीला उतरवला, अकरा वाजता घराचं कुलूप माझ्या हातानं उघडलं. चिऱ्याच्या भिंती, समोर लांब ओटी, मागे चाळीस माड आणि पोफळी. ओटीवर बसलं की पुढे खाजणातली भातशेती, तिच्यापलीकडे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध, आणि बांधापलीकडे खाडी. घर विकणारे देवदत्त जोगळेकर पुण्यात नोकरीला. भावात त्यांनी फार ताणलं नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. पण स्वस्त मिळालेल्या मालाची तक्रार मी करत नाही.

सोळाव्या वर्षी माणगावकडच्या खेड्यातून निघालो तो तुर्भ्याला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात झाडू मारायला. आज बावीस माणसं माझ्या हाताखाली आहेत. शिक्षण नववी, पण कान असे की बंद दाराआडची मोटर ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. कामोठ्याच्या घरातला हॉलचा पंखा तीन वर्षं टक्-टक् करतोय. नूतन म्हणते, जगाच्या मोटरी दुरुस्त करता, घरचा पंखा तेवढा मरू द्या.

नूतनची अट एकच. आमची मुलगी तेजस्वी परदेशात. रोज तिचा चेहरा फोनवर पाहिल्याशिवाय नूतनच्या घशाखाली घास उतरत नाही. इथे घरात मोबाइलला रेंज नाही. म्हणून आधी इंटरनेट, मग नूतन. दिघीच्या जेट्टीवरून तिला फोन करून सांगितलं, नेट लागलं की मीच करतो, तोवर माझा फोन लागायचा नाही, घाबरू नकोस.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनी म्हणते, आमचा माणूस गुरुवारी येऊन लाइन चालू करेल. गुरुवारपर्यंत काय मी माड मोजत बसू? लाखालाखाचे पॅनेल जोडणारा मी, एवढ्याशा डब्याला घाबरेन होय.

वायर खोचली. फोन राउटरला जोडला, डब्याच्या पाठीवर छापलेला पत्ता टाकला, आतला दरवाजा उघडला. नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. असं कुलूप करणाऱ्याला माझ्या दुकानात मी दुपारपर्यंत ठेवला नसता. पुढची पानं तर वकिलानं लिहिल्यासारखी. राउटिंग, चॅनल, अमुक मोड, तमुक मोड. एका ठिकाणी चूक झाली की अख्खं पान पुसून परत पहिल्यापासून. दोनदा डबा भिंतीवर आपटावासा वाटला. पण शेवटी पठ्ठ्यानं सगळं बसवलं. चिऱ्याची भिंत सिग्नल खाते, म्हणून लांब पोचणारा पट्टा वेगळा केला आणि डबा ओटीच्या खिडकीत ठेवला. घराच्या आसपास दुसऱ्या कुणाचंच वायफाय नाही, त्यामुळे सगळे चॅनल माझेच.

साडेचारला चारही दिवे हिरवे. कंपनीच्या माणसाशिवाय, कुणाला न विचारता. हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.

लगेच नूतनला लावलं. चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज स्वच्छ. मागून थप्, थप् ऐकू येत होतं. भाकऱ्या थापत असणार. बरं वाटलं. म्हटलं, पौर्णिमा झाली की न्यायला येतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज राउटरची रीतसर मांडणी. पुढच्या आठवड्यात पनवेलहून कॅमेरे, पंपाचा स्विच, वाडीतले दिवे असा बारा वस्तूंचा माल येतोय. प्रत्येकाला राउटरमध्ये जागा आधीच राखून ठेवली, म्हणजे आल्याबरोबर काम सुरू. माणूस येण्याआधी त्याचं स्टूल कुठलं ते ठरलेलं हवं, ही माझी दुकानातली पद्धत.

राउटरला प्रत्येक जागेला नाव हवं होतं आणि मशीनचा बारा खुणांचा नंबर हवा होता. मशीन अजून आलेलीच नाहीत, तर नंबर कुठले? मी मनानेच ठोकले. सगळे सारखे, फक्त शेवटी ०१, ०२ असं बारापर्यंत. नावं मात्र आयतीच मिळाली. ओटीच्या भिंतीवर काळी फळी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात बारा नावं, आणि प्रत्येकापुढे आकडा. एक भागोजी, दोन बुधाजी, तीन सदू, असं खाली बारापर्यंत. देवदत्तांनी ही फळी काढू नका एवढंच सांगितलं होतं, कारण विचारल्यावर विषय बदलला. कुणीतरी जुने गडी असावेत. म्हटलं, चला, परत कामाला लागा. भागोजी फाटकावरचा कॅमेरा, बुधाजी पंप. नावं मोठ्यानं वाचत एकेक भरली. ओटीवर बसून हजेरी घेतल्यासारखं वाटलं, हसू आलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल गुरुवार. कंपनीचा माणूस आला नाही. आला असता तर मी त्याला हिरवे दिवे दाखवून परत पाठवणार होतो.

आज सकाळी पावणेआठला चहा घेत राउटरची यादी उघडली. माझ्या फोनच्या खाली दुसरं नाव हिरवं. भागोजी. सिग्नल एकच काडी.

कुणीतरी माझं वायफाय चोरतंय. बावीसशेच्या डब्यावर फुकट्याची मजा. वरून माझ्याच ठेवलेल्या नावानं, म्हणजे हुशारी बघा. पासवर्ड बदलला, वीस अक्षरांचा केला. पाऊण तासानं नाव विझलं. कळलं असणार कुणाशी गाठ आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

आठ पस्तीसला तीन नावं. भागोजी, बुधाजी, सदू. पासवर्ड कालचा, जो मी कुणाला सांगितलेला नाही आणि माझा मलाही कागदावर बघून टाकावा लागतो.

डोकं फिरलं. चोर जवळपास असल्याशिवाय पकड मिळत नाही, म्हणून फोन हातात धरून वाडी पालथी घातली. माडाआड कुणी नाही, फाटकाबाहेर कुणी नाही. परतताना ओल्या झावळीवरून पाय घसरला आणि घोटा असा मुरगळला की तारे दिसले. फुकट्याच्या पायी माझा पाय गेला. आता चार दिवस ओटी ते मोरी एवढाच प्रवास.

सोनाबाई झाडलोटीला येतात, मासळी आणि भाजीही आणून देतात. साठीच्या, इथल्याच. त्यांना दरडावून विचारलं, गावात भागोजी, बुधाजी, सदू नावाची कार्टी कुठली ते सांगा, आज त्यांची गाठ माझ्याशी आहे. सोनाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि निघून गेल्या. पगार आगाऊ घेऊन बसल्या आहेत, हे लक्षात ठेवीन.

२ नोव्हेंबर, रविवार

नऊ वीसला सात नावं. वायफायचं नाव लपवलं. चॅनल बदलला. सातही ब्लॉक केले. ब्लॉकच्या यादीत सात, आणि वरच्या यादीतही सात हिरवे. दोन काड्या.

कंपनीला इंटरनेटवरून तक्रार लिहिली, खरमरीत. उत्तर आलं, 'बरं.' एवढंच. ही यांची भाषा! गिऱ्हाइकाला 'बरं'!

संध्याकाळी नूतनशी बोललो. मागे थप्-थप् चालूच. मग लक्षात आलं, पंख्याची टक्-टक् नाही. मी विचारलं. ती म्हणाली, दुरुस्त करून घेतला. कुणाकडून? तर म्हणे, आला होता एक माणूस. तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस माणसांच्या मालकाच्या घरात रस्त्यावरचा मेकॅनिक! मी बोललो, बोललो, पार घसा बसेस्तोवर. ती शांतपणे ऐकत होती. नूतन कधी असं ऐकून घेत नाही. मग म्हणाली,

"माझीपण जागा ठेवा ना तिथे."

माझा राग तिथेच उतरला. माणसाला असंच धरायला येतं तिला. म्हटलं, ठेवतो, फोनचा नंबर वाच, सीमकार्डचा नाही, मशीनचा. तिनं एकेक खूण नीट वाचली, मी भरली. यादीत तेरावी जागा, नाव नूतन. पाय दुखतोय, पण झोप चांगली लागेल.

३ नोव्हेंबर, सोमवार

दहाला अकरा नावं. मी वेळा मागे जाऊन पाहिल्या. पावणेआठ, आठ पस्तीस, नऊ वीस, दहा. रोज चाळीस-पन्नास मिनिटं पुढे. चोर घड्याळ लावून येतो, पण घड्याळ कुठलं?

सोनाबाई दुपारी आल्या. आत आल्या नाहीत, ओटीच्या पायरीवर बसल्या. मी वेळा वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, ही तर भरतीची वेळ. पाणी बांधाला टेकतं ती.

मग सांगितलं ते असं. पूर्वी बांध राखायला गावाची मंडळी असायची, तिला जोळ म्हणायचे. बारा घरं, बारा माणसं, प्रत्येकाला बांधाचा एक तुकडा नेमून दिलेला. फळीवरचे आकडे त्या तुकड्यांचे. मोठं उधाण आलं की या घराचा मालक ओटीवरून एकेक नाव पुकारायचा आणि ज्याचं नाव पुकारलं तो आपल्या तुकड्यावर जाऊन उभा राहायचा, चिखलाचे गोळे थापत. उधाण उतरलं की मालकच एकेकाला 'मोकळा' म्हणायचा. त्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही, मालकाशिवाय दुसऱ्या कुणी सोडवायचं नाही. सोनाबाईंच्या लग्नाच्या आदल्या पावसात देवदत्तांच्या वडिलांनी बारा नावं पुकारली आणि त्याच दिवशी कोर्टाच्या कामाला मुंबईला निघून गेले. बांधाला खांड पडली, खाडी आत घुसली. बारापैकी एकही परत आला नाही. दुसरा, बुधाजी, तो सोनाबाईंचा सासरा. मालक परतले ते फळीकडे पाठ करून बसले. 'मोकळा' कुणी म्हटलंच नाही. तेव्हापासून ही नावं गावात मोठ्यानं घेत नाहीत.

मी म्हटलं, बाय, हा डबा आहे, यात भुतं नाही राहात, तारा राहातात. त्या म्हणाल्या, तारांचं मला कळत न्हाय. पण सरकारनं या बांधावर तीस वर्षांत मातीची एक पाटी टाकलेली न्हाय, आणि बांध हाय तसाच हाय. धरतंय कोण?

उठताना एवढंच म्हणाल्या:

"सोडायचं असतं, शेठ. पण उधाण उतरल्यावर. अष्टमीच्या आधी न्हाय."

थप्-थप् चिखलाच्या गोळ्यांची. हे त्या गेल्यावर डोक्यात आलं. आणि संध्याकाळी साडेचारला नूतन कधीच भाकऱ्या करत नाही. पण माणूस एखादे दिवशी करतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दहा चाळीस. बारा. तीन काड्या.

राउटरची वायर उपटली. ओटीवर बसून ऐकलं. भर दिवस, ऊन, पाखरं. आणि बांधाच्या बाजूनं थप्. मग दुसरीकडून थप्. बारा ठिकाणांहून, मोजलं मी. कान माझे आहेत, त्यांना फसवता येत नाही. दुर्बीण नाही माझ्याकडे, पण बांधावर माणूस असता तर दिसला असता. कुणी नव्हतं. चिखल मात्र उडताना दिसला.

राग येतोय. कुणावर ते कळत नाही. देवदत्तांवर, ज्यांनी घराबरोबर हे विकलं आणि विक्रीपत्रात लिहिलं नाही. स्वतःवर, मोठ्यानं नावं वाचली म्हणून. भाव ताणला नाही तेव्हाच उठायला हवं होतं.

वायर परत खोचली. दिवे हिरवे. नूतनशी बोलायचं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. अकरा वीस. बारा, तीन काड्या.

पाय भोपळ्यासारखा. पडल्यापडल्या राउटरमधले नंबर तपासले. मी मनाने ठोकलेले बारा नंबर. असे नंबर जगात कुठल्याच मशीनला नसतील. ०१ पासून १२ पर्यंत.

नूतनचा, तिनं वाचून दिलेला — तोच. पुढचा. शेवटी १३.

मी तो मनाने ठोकला नव्हता. तिनं वाचला होता.

विचारलं तिला. म्हणाली, फोनमध्ये दिसलं तेच वाचलं. मी विश्वास ठेवला. दुसरं काय ठेवणार? तिचा आवाज मी पस्तीस वर्षं ऐकतोय. लग्नानंतर तुर्भ्याला पत्र्याच्या खोलीत राहिलो तेव्हा दिवसभर मशीनं ऐकून कान बधिर झालेले असायचे, तरी रस्त्यावरून तिच्या चपलेचा आवाज ओळखायचो.

तेरावी जागा पुसली. पान बंद केलं, उघडलं. आहे. परत पुसली. आहे. आठ वेळा. डब्याच्या पाठीतल्या भोकात सुई घालून सगळं कोरं केलं. सगळं कोरं, माझं वायफायचं नावही गेलं. तेरा नावं तशीच.

तिची अजून हिरवी झालेली नाही. बाराच हिरवी. तिला कामावर घेतलंय, अजून हजर झालेली नाही. हे मीच केलं. मीच विचारलं, मीच भरलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाराला बारा. चार काड्या. फाटकापाशी असावेत एवढा सिग्नल. ओटीवरून दिसतो तो रस्ता आणि कुत्रं.

ठरवलं. पुसून जात नाही, अडवून जात नाही, तर रीतीनं. सोनाबाई आल्या होत्या. पाया पडल्या माझ्या, साठीची बाई. म्हणाल्या, आज नको, उद्याचं उधाण वर्षातलं मोठं, अष्टमीला सोडा, सहा दिवस कळ काढा. मी म्हटलं, सहा दिवस? तेरावं नाव माझ्या बायकोचं आहे. तुमचा सासरा होता, तो होऊन गेला. माझी अजून व्हायची आहे. फार लागेल असं बोललो.

मी बेअरिंग गेलेली मोटर चालू ठेवत नाही. दुकानात काम नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत बसवून ठेवत नाही. साडेबाराला भरतीचं पाणी मागे मुरडलं तसा ओटीवर काठी टेकून उभा राहिलो आणि बोललो. भागोजी, मोकळा. बुधाजी, मोकळा. सदू, मोकळा. एकेक नाव यादीत विझत गेलं. बांधावरची एकेक थाप बंद होत गेली. बारावा म्हटल्यावर इतकं शांत झालं की माझ्याच घड्याळाचा आवाज आला.

तेरावं नाव घेता आलं नाही. सोडायलाही आधी पुकारावं लागतं. आणि पुकारलं की — नाही. नाही घेतलं.

पण बंदोबस्त केला. नूतनला लिहिलं, इथे येऊ नकोस. कधीच नको. मी सांगितल्याशिवाय कामोठ्याच्या बाहेर पाऊल टाकू नकोस. सोनाबाई म्हणत होत्या, जेट्टीवर जाऊन कुणाच्यातरी फोनवरनं तिकडे कळवते. मी म्हटलं, बाय, घरात माझं स्वतःचं नेट हाय, मी स्वतः लावलेलं. कुणाच्या उपकाराची गरज नाही.

दोन मिनिटांत उत्तर. 'बरं. नाही येत.'

तीस-चाळीस वर्षं खोळंबलेली बारा माणसं अर्ध्या तासात घरी पाठवली आणि बायकोला दारात येण्याआधी थांबवलं. तेही मुरगळल्या पायानं, ओटीवरून न हलता. ज्याला माझ्याशी गाठ घालायची त्यानं आता घालावी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

११.५०. बांधावर काहीच आवाज नाही. चांगलं आहे. सोनाबाई आल्या नाहीत.

१२.०५. यादी. बारा विझलेली. तेरावी हिरवी. एक काडी.

कामोठ्यात आहे ती. 'नाही येत' लिहिलंय. वाचतोय परत परत.

१२.१५. कंपनीचा माणूस आला. सुजित, चाळिशीतला, हेल्मेट काखेत. आठ दिवस उशिरा. मी तोंड सोडलं. म्हटलं, तुझी गरज नाही, कधीच चालू केलंय. तो हसला. म्हणाला, काका, रागवू नका, दिघीला उतरल्यापासून मी शिव्याच खातोय. फेरीबोटीत एक काकू होत्या. नवरा दहा-अकरा दिवस एक फोन करत नाही म्हणून सगळ्या बोटीला ऐकवत होत्या. मेला की काय बघायला निघाल्या म्हणे. घर विचारलं ते हेच. रिक्षा मिळेना, तर —

बांधावरनं सांगितली त्यानं वाट. जवळची म्हणून. तो गाडीवर, रस्त्यानं आला. ती पायी —

मी म्हटलं ती नाही. तिनं काल लिहिलंय. फोन त्याच्या हातात दिला.

त्यानं फोन बघितला नाही. खिडकीतल्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बाहेर जाऊन खांबावरची पेटी उघडली.

१२.३०. दोन काड्या. सुजितला बांधाकडे पिटाळलं, धाव म्हटलं, बाई आहे तिला मागे फिरव. गेला धावत. मला पायरी उतरवत नाही. दोनदा पडलो. बसल्या जागी लिहितोय —

हाक मारता येत नाही. नाव घेता येत नाही. दुसरं नाव नाही माझ्याकडे तिचं, पस्तीस वर्षांत ठेवलं नाही —

१२.४५. आवाज. खाडीच्या बाजूनं. थापल्याचा नाही. एकसलग, जड, माती बसते तसा. तीन काड्या. शेतात पाणी चमकतंय, जिथे नको तिथे. सुजित परत पळत येतोय, एकटा, हात हलवत —

चार —

निरोप पाठवला होता मी. पोचला होता. उत्तर होतं. पण सुजित पेटी उघडून म्हणाला ते, शांतपणे म्हणाला, रागावलाही नाही. म्हणाला, काका, तुमची लाइन अजून चालूच केलेली नाही, खांबावर तुमची वायर जोडलेलीच नव्हती, एक दिवससुद्—